अंधारातला गोंधळ आणि कॅमेऱ्याची नजर

लग्नकार्य पार पडले की आपल्या परभणी जिल्ह्यातील पुष्कळ घरांत गोंधळ घातला जातो. कुणाची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी, तर कुणाची माहूरची रेणुका. चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुणे सुरू होते आणि आख्यान रात्रभर रंगते. आता ते मोबाईलवर टिपणारे हातही पुष्कळ असतात. पण सकाळी पाहावे तर दिवटीचा पिवळा गोळा तेवढा दिसतो आणि गोंधळी धुक्यात हरवलेला! असे का होते व त्यावर उपाय काय, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

भिंग पुढे-मागे सरकवून प्रतिमा रेखीव करणे म्हणजे फोकस करणे. पूर्वी हे काम छायाचित्रकार स्वतः हाताने करी. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीचा 'सी ३५ एएफ' हा कॅमेरा बाजारात आला आणि ते काम यंत्राकडे गेले. आज साध्या मोबाईलमध्येही ही सोय असते. हाच ऑटोफोकस होय.

यंत्र हे कसे करते? एका पद्धतीत भिंग सरकत जाते आणि काळ्या-पांढऱ्याची सीमा सर्वांत ठळक दिसेल तेथे थांबते. दुसऱ्या पद्धतीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींशी जुळल्या की फोकस साधला. दोन्ही पद्धतींना पकडायला एखादी कड लागते. कोऱ्या भिंतीवर भर दुपारीही ऑटोफोकस चाचपडतो, तो यामुळेच. अंधारात तर कडा पुसट होतात आणि यंत्रातले विजेचे बारीक दाणे त्यांत मिसळतात. मग बिचारे भिंग पुढे-मागे करीतच राहते.

काळा दोरा ओवताना आपली आजी सुईमागे पांढरे फडके धरते. कॅमेऱ्यालाही असेच साहाय्य करावे लागते. गोंधळ्याच्या गळ्यातील कवड्यांची माळ पाहा. पांढरी कवडी आणि शेजारची काळी फट अशी ठळक कड दुसरीकडे क्वचितच सापडेल. ज्या बाजूने दिवटीचा उजेड पडतो तेथून माळेवर नेम धरावा. ज्योतीवर नेम धरू नये. ती सारखी हलते आणि तिच्या झगमगाटात कडा विरतात.

फोकस साधला की तो कायम ठेवावा. कॅमेऱ्याचे बटण अर्धे दाबून धरावे. मोबाईलवर माळेच्या जागी बोट टेकवून ठेवावे, म्हणजे बहुतेक मोबाईलमध्ये फोकस तेथेच बांधला जातो. गोंधळी पुढे-मागे सरकला तर मात्र पुन्हा नेम धरावा. उजेड फारच कमी असल्यास मित्राने क्षणभर बाजूने विजेरी दाखवावी व फोकस बांधताच विझवावी. गाणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत मारणे शिष्टाचाराला धरून नाही. ज्यांच्याकडे बदलत्या भिंगांचा कॅमेरा आहे त्यांनी मोठ्या छिद्राचे भिंग लावावे, एफ १.८ चे भिंग एफ ५.६ च्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते.

एक भेद मात्र ध्यानात असावा. माळ रेखीव पण हात पुसट आला, तर तो दोष फोकसचा नव्हे, हालचालीचा होय. सारेच चित्र एका दिशेने ओढल्यासारखे दिसले, तर आपला हात हलला असे समजावे. मोबाईल खांबाला टेकवून धरावा आणि गोंधळी सम गाठून क्षणभर थांबतो तेव्हा बटण दाबावे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या वाडवडिलांनी ऐकलेली आख्याने कुणी लिहून ठेवली नाहीत. ऐकणाऱ्यांबरोबरच ती गेली. आज ती म्हणणारे काही वृद्ध गोंधळी अजून आपल्यात आहेत. त्यांची बोटे संबळावर कशी पडतात, दिवटी हाती कशी धरली जाते, हे पुढच्या पिढीला धुक्यात दिसू नये. येत्या लग्नसराईत मित्रांनी एवढे अवश्य करून पाहावे.