नादारीच्या काळात बँकेचे खाते : कोणते उघडावे, कोणते बंद करू नये

धंदा म्हटला की तेजी-मंदी आलीच. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा यंत्रमागधारक असो, शहरातला चपलांचा कारखानदार असो की कोकणातला आंबा-मासळीचा व्यापारी, एकदा उधारी अडकली आणि कर्जाचे हप्ते थकले की भल्याभल्यांचे पाय डळमळतात. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी अशा एकामागून एक आलेल्या धक्क्यांत आपल्या समाजातील अनेक लहान धंदे कोलमडले. अशा वेळी माणूस दोन टोकांना जातो. एक तर तो कागदपत्रांकडे बघणेच सोडतो, नाही तर कोणाच्या तरी सल्ल्याने रातोरात खाती बंद करून पैसा इकडून तिकडे फिरवतो. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

बुडत्या धंद्यात बँकेचे खाते ही बाब क्षुल्लक वाटते. पण घरचा किराणा, मुलांची फी आणि कारागिराची मजुरी त्याच खात्यातून जात असते. खाते चुकीच्या ठिकाणी असेल तर महिन्याची कमाई एका दिवसात कर्जखाती वळती होते. म्हणून नादारीची वेळ आलेल्या, किंवा ती समोर दिसू लागलेल्या बंधूंसाठी आम्ही या आठवड्यात हा विषय घेतला आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे : खाते बदलण्याला कायद्याची हरकत नाही, पैसा लपवण्याला आहे. या दोहोंतील फरक ज्याला कळला, तो या संकटातूनही मान ताठ ठेवून बाहेर येईल.

जेथे कर्ज, तेथे घरखर्चाचा पैसा नको

बँकेला आपल्या थकबाकीपोटी कर्जदाराच्या दुसऱ्या खात्यातील शिल्लक वळती करून घेण्याचा हक्क असतो. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १७१ बँकेला ग्राहकाच्या तिच्याकडे असलेल्या मालमत्तेवर सर्वसाधारण धारणाधिकार देते, आणि कर्जाच्या करारपत्रात बहुधा वळती करण्याचे कलमही छापलेले असते. सही करताना ते कोणी वाचत नाही. एका शाखेत कर्ज आणि त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत बचत ठेवली म्हणून सुटका होत नाही, कारण बँक एकच असते. मुदत ठेवीचेही तेच.

जामीनदारालाही हेच लागू आहे. त्याच कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. भावासाठी, साडूसाठी सही करून विसरून गेलेल्या माणसाचे खाते त्याच बँकेत असेल तर त्याने सावध राहावे.

तेव्हा पहिला नियम हा : ज्या बँकेचे आपण काही देणे लागत नाही, आणि जिच्याकडे आपण कोणाला जामीनही नाही, अशा बँकेत घरखर्चासाठी खाते उघडावे. मात्र येथे एक मर्यादा आहे. कॅश क्रेडिट घेताना माल बँकेकडे तारण असेल, तर त्या मालाच्या विक्रीचा पैसा ठरल्याप्रमाणे त्याच बँकेत भरावा लागतो. तो परस्पर दुसऱ्या बँकेत नेणे हा करारभंग आहे, आणि प्रकरण फौजदारीपर्यंतही जाऊ शकते. वेगळ्या खात्यात जावी ती आपली मजुरी, पगार, घरातील माणसांची कमाई. तारण मालाची रक्कम नव्हे.

जुने खाते घाईने बंद करू नका

पुढील तारखांचे धनादेश सूतवाल्याला, रंगवाल्याला दिलेले असतात. खातेच बंद केले की धनादेश परत जाईल आणि विषय संपेल, असा सल्ला देणारे बाजारात पुष्कळ भेटतात. तो सल्ला घातक आहे. पराक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ हे १९८९ पासून लागू आहे. ‘खाते बंद’ असा शेरा पडून धनादेश परत गेला तरी गुन्हा होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच स्पष्ट केले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपोआप हप्ता कापून घेण्याची मंजुरी बँकेला दिली असेल आणि खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला, तर २००७ च्या कायद्यात त्यालाही अशीच तरतूद आहे.

यासाठी आधी बाहेर दिलेल्या धनादेशांची यादी करावी. ज्यांना दिले त्यांना स्वतः भेटून परिस्थिती सांगावी, मुदत मागावी, धनादेश परत मिळाल्यास लेखी पोच घ्यावी. धनादेश परत गेल्यावर समोरच्याने तीस दिवसांच्या आत नोटीस द्यायची असते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर खटला उभा राहत नाही. तेव्हा नोटीस घेण्यास नकार देऊ नये. त्या पंधरा दिवसांत तडजोड होऊ शकते.

कोणते खाते उघडावे?

धंदा बंद करून दुसऱ्याच्या मागावर किंवा दुकानात काम धरले असेल, तर मूलभूत बचत खाते पुरे आहे. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये जुन्या ‘नो-फ्रिल्स’ खात्यांऐवजी हा प्रकार आणला. यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, पैसे भरण्यावर आकार नाही, महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढता येतात आणि एटीएम कार्ड विनामूल्य मिळते. २०१४ पासूनचे जनधन खाते याच जातीचे. ज्या बँकेत हे खाते असेल तेथे दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. आधीचे असल्यास ते तीस दिवसांत बंद करावे लागते.

जनधन खात्यावर पात्र ग्राहकाला दहा हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट देण्याची सोय आहे. नादारीतल्या माणसाने ती घेऊ नये. एक तर ते व्याजाचे कर्ज आहे, आणि दुसरे, त्यात कायद्याचा धोका आहे. तो पुढे सांगतो.

धंदा लहान प्रमाणावर चालूच ठेवायचा असेल तर चालू खाते लागेल, कारण बचत खाते व्यापारी उलाढालीसाठी नसते. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, ही गोष्ट आपल्या अनेक बंधूंना सोयीचीच वाटेल. पण त्याला किमान शिल्लक लागते आणि ती घटली की दंड बसतो, म्हणून उघडण्यापूर्वी दोन-तीन बँकांचे दर विचारून घ्यावेत. अर्ज भरताना इतर बँकांकडील कर्जाची माहिती विचारतात, ती खरी द्यावी.

बँक निवडताना ठेवीच्या विम्याकडेही पाहावे. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. नागरी सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही. दारात येऊन रोजची रक्कम नेणारी पतसंस्था सोयीची खरी, पण आधीच पडलेल्या माणसाला दुसरा धक्का सोसवत नाही.

खाते बदलले की दुकानातील क्यूआर कोड, जीएसटी नोंदणीतील खाते आणि आधारला जोडलेली बँक, या तिन्ही गोष्टी बदलून घ्याव्यात. आधार जुन्याच बँकेला जोडलेला राहिला तर मुलांची शिष्यवृत्ती किंवा आईचे निराधार अनुदान थकलेल्या बँकेतच जमा होत राहील.

मजुरीचा पैसा वेगळा दिसू द्या

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० काही गोष्टींना जप्तीपासून संरक्षण देते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि मजुराची मजुरी त्यात येतात. पगारदाराच्या बाबतीत, पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांसाठी, पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. बँकेकडे तारण दिलेला यंत्रमाग मात्र ‘हत्यार’ म्हणून वाचणार नाही.

मजुरी खात्यात जमा झाली आणि तीत उधारीची वसुली, भाच्याने पाठवलेले पैसे, विकलेल्या गाडीची रक्कम असे सगळे मिसळले, की कोणता रुपया कशाचा हे सांगणे कठीण होते. खाते एकाच कामाचे ठेवावे. पासबुक उघडताच हा पैसा मजुरीचा आहे हे कोर्टाला दिसले पाहिजे.

अमानतीचा पैसा आधी बाजूला काढा

आपल्याकडे विश्वासू व्यापाऱ्याच्या खात्यात मशिदीच्या बांधकामाचा निधी, मोहल्ल्याची भिशी, एखाद्या विधवेची पुंजी ठेवलेली असते. धंदा चांगला चालतो तोवर कोणी विचारत नाही. पण बँकेने रक्कम वळती केली किंवा कोर्टाने खाते गोठवले, तर कागदावर तो पैसा व्यापाऱ्याचाच दिसतो. मशिदीचे छत अपुरे राहते आणि ‘अमुकने चंदा खाल्ला’ असे बोल आयुष्यभर चिकटतात. संकटाची चाहूल लागताच हा पैसा हिशेबासह ट्रस्टच्या किंवा मालकाच्या खात्यात पोचवावा आणि पावती घ्यावी. खरे तर असा पैसा व्यक्तिगत खात्यात कधी ठेवूच नये.

पत्नीच्या नावावर टाकलेला पैसा

पत्नीची स्वतःची कमाई, तिचे दागिने, तिला मिळालेला महर हे तिचेच आहे. ते तिच्या एकटीच्या खात्यात असावे, संयुक्त खात्यात नव्हे. पण आपला पैसा मोबदल्याशिवाय पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर वळवणे ही वेगळी गोष्ट झाली. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे असे हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि त्यावरून माणूस नादार ठरला, तर ते रद्द होऊ शकते. तसेच अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत इतरांना डावलून मेहुण्याचे किंवा मित्राचेच कर्ज फेडले, तर कलम ५४ खाली तेही रद्द ठरू शकते.

कोर्टात गेल्यावर

२०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण व्यक्तींविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. सामान्य दुकानदार आणि कारागीर अजून जुन्याच कायद्यांखाली येतात : मुंबई शहरात १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय, इतरत्र १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालय.

नादार ठरल्यावर माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मुक्ततेचा हुकूम मिळेपर्यंत नंतर मिळालेली मालमत्ताही तिकडेच जाते. कलम ६० ने वाचवलेल्या वस्तू यातून वगळल्या आहेत. म्हणून प्रत्येक खाते, नवे आणि जुने, अर्जात लिहावे आणि रिसीव्हरला लेखी कळवावे. कीर्द-खतावणी जपून ठेवावी, ती हजर करावीच लागते. मुक्तता मिळण्यापूर्वी आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची किंवा त्याहून अधिक उधारी घेतली, तर कलम ७२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ओव्हरड्राफ्ट आणि क्रेडिट कार्ड ही उधारीच आहे. वर सांगितलेला धोका तो हाच. आणखी एक लक्षात ठेवावे, कर्जदाराची मुक्तता झाली तरी जामीनदार आणि भागीदार सुटत नाहीत. अर्ज करण्यापूर्वी आपली कागदपत्रे जाणत्या वकिलाला दाखवावीत. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

धनकोंनाही दोन शब्द

अडचणीतल्या कर्जदाराला हात सैल होईपर्यंत मुदत द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, ही शिकवण सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत आहे. जकातीच्या आठ वाटेकऱ्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. फळबागेच्या सौद्यात बुडालेल्या एका माणसासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांना दान करण्यास सांगितले आणि तेवढ्यानेही कर्ज फिटले नाही, तेव्हा मिळेल ते घेऊन थांबण्यास धनकोंना सांगितले, असे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. आपल्या जमातींनी रमजानमध्ये जकातीचे वाटप करताना अशा प्रामाणिक कर्जदारांची आठवण ठेवावी.

पण ही सवलत प्रामाणिक माणसासाठी आहे. कोर्टाने मुक्त केले तरी, ऐपत येताच देणे फेडण्याची जबाबदारी उलेमा कायम मानतात. म्हणून धनकोंच्या नावांची आणि रकमांची वही जाळू नका. नव्या खात्याच्या पासबुकाशेजारी ती ठेवा. धंदा पुन्हा उभा राहील, इन्शाअल्लाह, आणि तेव्हा बाजारात उधार मिळेल ते त्या वहीच्या भरवशावर.

अल्लाह आपणा सर्वांना कर्जाच्या ओझ्यापासून सुरक्षित ठेवो आणि हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.