बटाट्याची बांगडी आणि मुळांचे रखवालदार

आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठाराचा बटाटा व जुन्नरकडील नारायणगांवचा टोमॅटो, ह्या दोहोंस मर आणणारा एक जंतु आहे. त्याचें शास्त्रीय नांव रालस्टोनिया सोलॅनासिएरम. हिरवें झाड एकाएकीं मान टाकतें. बटाटा कापल्यास आंत तपकिरी कडें दिसतें, म्हणून ह्या रोगास बांगडी म्हणतात. संशय आल्यास खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत टांगावा. दुधासारखी धार उतरली कीं रोग ओळखावा.

ह्या जंतूचे वैरीही मुळांशींच नांदतात. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जंतु मातींतील लोह आपणांकडे ओढतो व रोगजंतूंस मारक द्रव्यें सोडतो. हा प्रकार जमिनीपुरताच नसावा. इंडोनेशियांतील बेटांभोंवतीं समुद्रगवत असेल तेथें पाण्यांतील रोगजंतूंचें प्रमाण निम्म्यानें कमी आढळल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

ह्या जंतूची भुकटी शेणखतांत मिसळून लागणीपूर्वीं द्यावी; ताम्रयुक्त औषधांत मात्र कालवूं नये, रखवालदारच मरावयाचा. परंतु बेण्यांतूनच बांगडी आली तर भुकटीवर विसंबणें व्यर्थ, असें आमचें स्पष्ट मत आहे. स्वस्त बेण्यापायीं आणेवारी उतरलेलीं शेतें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. बेणें निरोगी शेतांतलेंच घ्यावें, कापतांना सुरी वरचेवर निर्जंतुक करावी, आणि रोगट शेतांत पुढें टोमॅटो, वांगीं, मिरची न लावतां ज्वारी-बाजरी पेरावी.