‘साईट बंद आहे, उद्या या!’

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. शहादा तालुक्यातल्या एका गावातून बाप-लेक एस.टी.ने नंदुरबारला आले. बापाची त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुकानातला पोरगा संगणकाकडे बघून म्हणाला, “साईट बंद आहे, उद्या या.”

मी तिथेच बसलो होतो. मुलीने मोबाईलवर तेच संकेतस्थळ उघडले, तर ते उघडले! मग बंद काय होते? दुकानातल्या संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षे मागची होती. आतला नाण्याएवढा सेल संपला की वीज जाताच घड्याळ मागे जाते. मग संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेशी जुळत नाही आणि संगणक ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो. तारीख दुरुस्त केली आणि अर्ज भरायला सुरुवात झाली.

बंधू-भगिनींनो, ‘बंद आहे’ ऐकून लगेच स्टँड गाठू नका. आधी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहा. तेही उघडत नसेल तर दोष आपल्या लाईनीचा. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर प्रयत्न करा. पडद्यावर आकडा आला तर तो वाचा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर ते पान नाही, पत्ता तपासा. ५००, ५०२, ५०३ दिसले तर दोष तिकडच्या सर्व्हरचा. ५०३ बहुधा गर्दीचा किंवा दुरुस्तीचा. अशा वेळी बटण दाबत बसण्यापेक्षा पहाटे बसा.

तिकडचा दोषही खराच असतो. महाडीबीटी पोर्टल २०१७ साली सुरू झाले तेव्हा इतक्या अडचणी आल्या, की २०१७-१८चे अर्ज शासनाला कागदावर घ्यावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर फेसबुकही सुमारे सहा तास बंद होते. देशातले पहिले आधार कार्ड २०१० साली आपल्याच टेंभलीत दिले गेले, पण ओटीपीची वाट पाहणे काही आपल्याला चुकलेले नाही!

अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ती एका बिघडलेल्या पडद्यापायी जाऊ देऊ नका. तारीख-वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढा, कॉलेजात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्या मुलीने अर्ज क्रमांकाची छापील प्रत घडी करून दप्तरात ठेवली. पाचची एस.टी. त्यांना मिळाली.