लसीचे आख्यान

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांची एक गंमत आपण लांज्यासारख्या गावात नेहमी पाहतो. पूर्वरंग चालू असताना ते खांबाला टेकून डुलक्या घेतात, आणि बुवांनी उत्तररंगातील आख्यान लावले की सावरून बसतात. सिद्धान्त पूर्वरंगातच सांगून झालेला असतो; तो गळी उतरतो मात्र आख्यानातून. कॉलेजातील मुलामुलींना लसीविषयी सांगताना आपण बहुधा पूर्वरंगावरच थांबतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील महाविद्यालये पुन्हा उघडली, तेव्हा करोनाच्या लसीच्या दोन मात्रांची अट होती. अटीने रांगा लागतात; शंका मिटतेच असे नाही. आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आळा घालणारी लस पुण्यातच तयार होते, आणि ती ९ ते २६ वर्षांच्या मुलामुलींना घेता येते. विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वी घेतल्यास तिचा उपयोग सर्वांत अधिक. परंतु कॉलेजातील मुलीवर तिची सक्ती नाही. तिथे मन वळविणे हाच मार्ग. आणि अडचण अशी की, अफवा हीसुद्धा गोष्टच असते. तिला गाव असते, घर असते, रडणारी आई असते. तिच्यापुढे नुसता आकडा टिकत नाही.

मग कोणती गोष्ट सांगावी? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. गिरण्यांतील पुष्कळ कामगार आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचे. भीतीने ते गावाकडे परतू लागले. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून, त्यांची लस करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याला ताप भरला, अंग दुखले. पण तो सुखरूप राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला. सुमारे निम्म्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले व ६ दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, एकही दगावला नाही. आख्यानातून आलेला हा आकडा मुले विसरत नाहीत.

पण येथेच थांबलो तर ती जाहिरात होईल. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी हीच लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ठपका हाफकिनवर आला. पुढे पुराव्यात निघाले की, बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. मुंबईच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले.

हा भाग मुलांना सांगू नये, ती घाबरतील, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला उलट वाटते. आपण लपविलेले त्यांना उद्या कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल, आणि मग आपले खरेही खोटे ठरेल. सांगितले, तर निर्जंतुक सुई का लागते, टोचल्यावर थोडा वेळ तिथेच का बसवितात, हे तीच समजून घेतात. दंड दुखेल, क्वचित ताप येईल, हेही आधीच सांगावे. शक्य तर वर्गातल्याच लस घेतलेल्या मुलीने आपला अनुभव सांगावा, आणि शेजारी शंकांना उत्तर देण्यास डॉक्टर असावेत.

निर्णय शेवटी ऐकणाऱ्याचा. बुवाही श्रोत्यांचा हात धरून त्यांना देवळात नेत नाहीत; ते आख्यान खरेपणाने पुरे करतात आणि आरतीला उभे राहतात. आपण निदान आख्यान अर्धे सोडू नये.