जुना गेम कन्सोल: परवडतो म्हणून की हिशेबात बसतो म्हणून?

‘पैसे कमी, म्हणून जुना माल’ हे उत्तर चुकीचं नाही. पण संशोधनाला तेवढं पुरत नाही. ब्राझीलचं उदाहरण घेऊ.

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ डॉलरला आला, ब्राझीलमध्ये ३,९९९ रेआलला. तिथलं किमान वेतन तेव्हा महिना ६७८ रेआल होतं. म्हणजे जवळपास सहा महिन्यांची कमाई! आयात मालावर एकावर एक चढणारे कर हे यामागचं मोठं कारण.

दुसरीकडे, सेगाचा मास्टर सिस्टिम तिथे १९८९ मध्ये आला. टेकटॉय ही ब्राझिलियन कंपनी तो देशातच बनवायची. बाकी जगात तो बाजारातून गेल्यावरही ती नव्या रूपात विकत राहिली. नंतरच्या मॉडेलमध्ये तर शंभरावर गेम आतच भरलेले.

इथे थांबून विचार करा. नव्या कन्सोलची किंमत ही नुसती सुरुवात असते. पुढे प्रत्येक गेमला पैसे मोजा. गेम आतच असले की एकूण खर्च पहिल्याच दिवशी कळतो. ज्या घरात पुढच्या महिन्याच्या कमाईची खात्री नाही, तिथे ही गोष्ट मोठी असते.

म्हणून मुलाखतीत ‘जुना का घेतला?’ एवढंच विचारू नका. ‘घेतल्यावर आणखी किती खर्च आला?’ हेही विचारा. नाहीतर समोरच्याने नीट केलेला हिशेब तुमच्या प्रबंधात ‘मागासलेपण’ म्हणून नोंदला जाईल.