हिवाळा, थायरॉइड आणि कार्यकारणभाव

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावाची तोंडओळख करून घेतली. आज त्याचंच एक घरगुती उदाहरण घेऊ.

‘थंडी पडली की माझं थायरॉइड वाढतं, म्हणून मला बरं वाटत नाही.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यात दोन विधानं आहेत आणि एक ‘म्हणून’ आहे. तिन्ही वेगवेगळे तपासू.

पहिलं विधान. रिपोर्टवर जे वाढलेलं दिसतं ते बहुधा टीएसएच असतं. ते थायरॉइडमधून येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडकडे लावलेला तो तगादा आहे. माल कमी पडला की तगादा वाढतो. म्हणजे टीएसएच वाढणं हे बहुतेक वेळा थायरॉइड कमी पडत असल्याचं चिन्ह. हा तगादा उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात थोडा जास्त असतो, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. फरक लहान असतो; पण समजा, मे महिन्यात 3.9 असलेला आकडा जानेवारीत 4.8 झाला आणि लॅबची मर्यादा 4.5 असली, तर तेवढ्यावर माणूस ‘रोगी’ ठरतो.

दुसरं विधान, ‘मला बरं वाटत नाही.’ हे खोटं ठरवण्याचा अधिकार कोणत्याही रिपोर्टला नाही. थकवा ज्याचा त्यालाच कळतो.

आता ‘म्हणून’. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. नैयायिक याहून बारकाईने विचार करतात. अग्नी आहे तिथे धूर असतोच का? नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं लाकूड लागतं. सोबतीमागे लपलेल्या या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात.

आपल्या उदाहरणात ओलं लाकूड कोणतं? अंटार्क्टिकावरचं अमेरिकेचं मॅकमर्डो केंद्र पाहा. तिथे जवळजवळ चार महिने सूर्य उगवत नाही. तिथे राहणाऱ्यांच्या थायरॉइड संप्रेरकांत बदल होतात आणि मनही मंदावतं, असं आढळलं. त्याला ‘पोलर टी-थ्री सिंड्रोम’ असं नावही मिळालं. पण तिथे थंडी, अंधार आणि एकटेपणा एकत्रच येतात. वेगळं काय करणार?

पुण्यात डिसेंबरचा दिवससुद्धा सुमारे 11 तासांचा असतो; लंडनमध्ये 8 तासांहूनही कमी. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांना हिवाळ्यात उदास वाटलं, तर आधी उजेडाचा विचार करावा लागेल. इथेही थंडीत सकाळचं फिरणं बंद होतं, सांधे आखडतात, झोपेची वेळ बदलते. यातलं काहीही थकव्याचं कारण असू शकतं, आणि टीएसएच शेजारी नुसतं उभं असू शकतं. अर्थात, थायरॉइड खरोखरच कमी पडत असेल तर थंडी जास्त बाधते, हेही खरं.

हा शब्दांचा खेळ नाही. आकड्याच्या मागे लागून गोळी वाढवत नेली, तर आपल्या वयात हृदयाची लय बिघडू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. उलट ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हटलं, तर अ‍ॅनिमिया किंवा बी-ट्वेल्व्हची कमतरता तशीच राहून जाते. पहिली चूक आकड्याला देव मानते, दुसरी माणसाला खोटं ठरवते.

मग करायचं काय? तपासणी त्याच लॅबमध्ये, दिवसाच्या त्याच वेळी करावी, कारण टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतं. जानेवारीची तुलना मागच्या जानेवारीशी करावी. आकडा जरासाच वाढला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहू का, असं डॉक्टरांना विचारावं. टीएसएच 10 च्या वर असेल किंवा गरोदरपण असेल, तर मात्र थांबू नये. आणि गोळी आपल्या मनाने वाढवू नये, कमीही करू नये.

डॉक्टरांकडे जाताना दोन कागद न्यावेत: एक रिपोर्टचा आणि दुसरा, बरं कधीपासून वाटत नाही, नेमकं काय होतं, हे स्वतःच्या हाताने लिहिलेला. ‘म्हणून’ हा शब्द दोन्ही कागद वाचून झाल्यावरच उच्चारायचा.

आता प्रश्न घेऊ.