आभासी यंत्राचा पडदा कोणत्या पोर्टवर?

लिनक्स सर्व्हरवर केव्हीएम या सुविधेच्या आधाराने चालणाऱ्या आभासी यंत्राला, म्हणजे एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाला, स्वतःचा मॉनिटर नसतो. त्याचा पडदा क्यूईएमयू हा प्रोग्राम बहुधा व्हीएनसी या पद्धतीने दुरून पाहण्यास खुला करतो. तो पाहायचा असेल, तर पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरील ती सेवा ओळखण्याचा क्रमांक, ठाऊक असावा लागतो. व्हीएनसीत ही मोजणी ५९०० पासून होते: डिस्प्ले शून्य म्हणजे ५९००, डिस्प्ले एक म्हणजे ५९०१.

यंत्राची रचना लिबव्हर्ट ही व्यवस्थापन प्रणाली एक्सएमएल फाइलमध्ये नोंदवते, म्हणून पोर्टही तेथेच सापडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 'ऑटोपोर्ट' चालू असल्यास त्या साठवलेल्या नोंदीत पोर्टच्या जागी उणे एक दिसतो, कारण खरा क्रमांक यंत्र सुरू होताना, त्या वेळी मोकळ्या असलेल्या पोर्टांमधून ठरतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर यंत्रे वेगळ्या क्रमाने उठली, तर क्रमांकांची अदलाबदल होते आणि जुन्या टिपणावर विसंबणाऱ्याने दिलेली आज्ञा भलत्याच यंत्राला जाऊ शकते. हा धोका खरोखर गंभीर आहे.

म्हणून दर वेळी चालू यंत्राचा क्रमांक लिबव्हर्टलाच विचारणे हा भरवशाचा मार्ग ठरतो. लिबव्हर्टच्या व्हर्श या साधनातील 'व्हर्श लिस्ट' या आज्ञेने चालू यंत्रांची नावे मिळतात आणि 'व्हर्श व्हीएनसीडिस्प्ले' या आज्ञेपुढे त्यांतील एक नाव दिले की '१२७.०.०.१:१' असे उत्तर येते, ज्याचा अर्थ पोर्ट ५९०१ असा घ्यायचा. व्हर्शचीच 'डोमडिस्प्ले' ही आज्ञा स्पाइस या दुसऱ्या पद्धतीचा पडदाही सांगते, मात्र स्पाइससाठी ती पूर्ण पोर्ट देते आणि व्हीएनसीसाठी केवळ डिस्प्ले क्रमांक. नवख्यांची गफलत बहुधा येथेच होते.

उत्तरातील पत्ता क्रमांकापेक्षाही महत्त्वाचा असतो. १२७.०.०.१ असेल, तर पडदा त्या सर्व्हरपुरताच खुला असतो आणि बाहेरून पाहण्यासाठी एसएसएचचा सांकेतिक बोगदा काढावा लागतो, 'व्हीएनसीडिस्प्ले'च्या उत्तरात पत्ता न येता केवळ ':१' असे आले, म्हणजे पत्ता ०.०.०.० असेल, तर तो सर्व्हरच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर खुला असतो, आणि व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे जमेस धरली जात असल्याने एवढ्या संरक्षणावर विसंबणे अयोग्य आहे. शंका उरल्यास 'एसएस' या आज्ञेने, कोणती क्यूईएमयू प्रक्रिया कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर जोडणीची वाट पाहत आहे, हे थेट लिनक्सकडूनच पडताळता येते.